आमच्या घरात पळत नाहीत

आमच्या घरात खुर्च्या फार होत्या. खुटबावला स्लॅबचं घर बांधायला काढलं तेव्हा सिमेंटच्या आधी आबांनी खुर्च्या आणल्या, लोखंडी, घडीच्या, निळ्या पट्ट्या विणलेल्या, आणि पाया खणायचं काम चालू असताना त्या खड्ड्याच्या कडेला खुर्ची मांडून ते दिवसभर बसून राहिले. बसायचं कसं हे त्यांना तेव्हा नीट येतही नव्हतं. पाठ टेकायची सवय नाही, त्यामुळे काठीवर हनुवटी ठेवून पुढं वाकून बसायचे, माळावर बसतात तसं. पण थोड्या दिवसांत शिकले. पुढं तर असे शिकले की पाणी प्यायला उठणं हासुद्धा त्यांना कमीपणा वाटायला लागला. "हिरे, पाणी," मला म्हणायचं आणि हात पुढं करायचा. पाहुणा आला की पाण्याआधी खुर्ची. कुणी सवयीनं ओट्यावर उकिडवं बसलं तर आबांच्या कपाळाला आठी पडायची. "आता कशाला मातीत बसायचं? खुर्ची हाय की."

आम्ही धनगर. आबांच्या आज्यापासून सगळे मेंढरांमागं चालत आलेले. पावसाळा गावाकडं काढायचा आणि दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादून, कोंबड्यांसकट, घाट उतरून कोकणात जायचं. कुणाच्या शेतात खतासाठी रात्रभर मेंढरं बसवायची, त्याच्या बदल्यात ज्वारी-बाजरी घ्यायची, सकाळी पुढचा गाव. मी स्वतः नऊ-दहा वर्षांची होईपर्यंत चालत होते. मग आबांनी मेंढरं विकली, कॅनॉलच्या पाण्याखालची जमीन घेतली, ऊस लावला, आणि चालणं जे सोडलं ते कायमचं. बांधावर जायचं तरी थोरल्या भावाच्या, बाळूदादाच्या, राजदूत मोटारसायकलवर मागं बसून. ज्यांच्या शेतात आम्ही मेंढरं बसवायचो त्या पाटील मंडळींच्या शेजारी आता सोसायटीच्या मीटिंगला आबांना खुर्ची मिळत होती. त्या खुर्चीची किंमत त्यांना ठाऊक होती, आणि ती किंमत आमच्या पायांतून वसूल होत होती. घरात नियम एकच. पळायचं नाही. लहान पोर अंगणात धावलं तरी धपाटा. "पळतो त्याच्यामागं कायतरी लागलेलं असतंय," आबा म्हणायचे. "आपल्यामागं आता काय बी न्हाई."

जेवणसुद्धा बदललं. वाटेवर असताना हुलग्याचं माडगं, भाकरी आणि मेंढीचं दूध. नव्या घरात चपात्या, डालड्यातला शिरा, दुपारी चहाबरोबर खारी. आईनं चपाती लाटायला शिकता शिकता दोन वर्षं काढली, पण भाकरी मात्र पाहुण्यांसमोर येऊ दिली नाही. अंगावर मांस चढणं ही घराची शोभा होती. आईचं पोट सुटलं तेव्हा ती लाजली, पण आबा खूश झाले. बाळूदादाला वीस-बाविसाव्या वर्षी गळ्याखाली वळी आली तर गावात लोक म्हणायचे, "भिवाचा पोरगा आता शेटावाणी दिसतोय." मी मात्र काटकीच राहिले. ताटात तुपाची धार पडायची आणि वरून टोमणा पडायचा. "खातीस ते जातंय कुठं? वाळलेली बाभळ. लोकं म्हणतील, अजून मेंढरामागंच हायती."

हाकेबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. प्रत्येक मेंढपाळाची हाक वेगळी असते, आणि कळप आपल्याच माणसाच्या हाकेला जागतो. आबांच्या दोन हाका होत्या. एक चालायची. जीभ टाळूला लावून टकटक करायची आणि मग 'ह्यर्र'. दुसरी थांबायची. छातीतून काढलेला लांब 'होऽऽ', शेवटी दोनदा मोडलेला. ती ऐकली की मेंढरं, घोडं, कुत्री आणि आम्ही पोरं, सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, आणि चालायची हाक येईपर्यंत हलायचं नाही. सोलापूर रस्ता ओलांडताना, रेल्वेचे रूळ ओलांडताना त्या हाकेवर जीव होते. एकदा केडगावच्या अलीकडं रस्ता ओलांडताना मी हाक ऐकूनही चार पावलं पुढं गेले. माझ्यामागं एक कोकरू आलं आणि ट्रकखाली गेलं. आबा मला मारतील असं वाटलं. त्यांनी मारलं नाही. ते कोकरू सोलून आईला शिजवायला सांगितलं आणि सगळ्यांना लांब बसवून माझ्या एकटीपुढं ताटली ठेवली. "तुझ्यामुळं मेलं. तूच खा." ते माझं कोकरू होतं, मी बाटलीनं दूध पाजलेलं. मी खाल्लं, ओकले, आणि त्यांनी पुन्हा वाढलं. त्यानंतर माझे पाय त्या हाकेला माझी परवानगी न घेता थांबायला लागले. आबा हे जाणून होते. मीच विसरले होते.

दौंडच्या कॉलेजात मी गेले ते शिकावं म्हणून नव्हे, शिकलेली मुलगी खुर्चीला शोभते म्हणून. सकाळच्या शटलनं जायचं, दुपारच्या गाडीनं यायचं, आणि घरापासून स्टेशनपर्यंत दादा गाडीवर सोडायचा, कारण भिवाची लेक रस्त्यानं पायी जाताना दिसता कामा नये. पहिल्या वर्षाला खेळाचा तास सक्तीचा होता. सक्ती म्हणजे काय, हजेरी व्हायची आणि सगळ्या मुली लिंबाखाली जाऊन बसायच्या. कुणाचं डोकं दुखायचं, कुणाची पाळी महिनाभर चालायची, कुणाच्या आईनं सांगितलेलं असायचं की उन्हात रंग जाईल. त्या खोटं बोलत होत्या असं मी म्हणणार नाही. कपडे बदलायला जागा नव्हती. मैदानाच्या कडेला भिंत, आणि भिंतीवर पोरं बसलेली. मुलगी नुसती ओढणी सावरायला वाकली तरी वरून शिट्टी यायची. शिवाय ते मैदान सालातले कितीतरी दिवस कुणाच्या लग्नाच्या नाहीतर सभेच्या मांडवाखाली असायचं, आणि मांडव निघाला की मेखांचे खड्डे मागं राहायचे. एकीचा पाय त्यात मुरगळला तर दुसऱ्या दिवशी सात जणींच्या घरून निरोप आले.

हल्ली मी शिरूरला मुलींच्या वसतिगृहावर रेक्टर आहे. मध्यंतरी कॉलेजात 'युवकांमधील व्यायामाचा अभाव' अशा विषयावर चर्चासत्र झालं. एका पाहुण्यांनी मुलींना प्रश्नावली वाटली. तुम्ही व्यायाम का करत नाही? वेळ नाही, आवड नाही, सोय नाही, यांपैकी एकावर खूण करा. माझ्या मुलींनी पटापट खुणा केल्या आणि सगळ्या समोशांकडं वळल्या. 'आमच्या घरात पळत नाहीत' असा पर्याय तिथं नव्हता. पाहुण्यांना सांगावंसं वाटलं, पण ते स्वतः जिना चढून आल्यावर पाच मिनिटं बोलू शकले नव्हते, म्हणून मी सोडून दिलं.

तर त्या लिंबाखालून मी उठले ती जगदाळे सरांमुळं. जगदाळे सर म्हणजे आमचे खेळाचे शिक्षक. पोट पट्ट्यावरून ओघळलेलं, गालात तंबाखू, हातात शिट्टी. त्यांना माझ्याबद्दल कळवळा होता असं कुणी समजू नये. प्राचार्यांनी त्यांना झापलं होतं की मुलींचा क्रॉसकंट्रीचा संघ गेला नाही तर बघतो, आणि संघासाठी पोरी मिळत नव्हत्या. त्यांनी आम्हाला रांगेत उभं करून मैदानाला एक फेरी मारायला लावली. सगळ्या हसत, एकमेकींना धरत निघाल्या. मी ओढणी कमरेला बांधली आणि निघाले. काय झालं ते सांगता येत नाही. घाटातली सकाळ, पायाखालची धूळ, पुढं पांगलेलं कोकरू वळवायला मारलेली धाव, सगळं पायांत तसंच शिल्लक होतं. फेरी संपली तेव्हा बाकीच्या अर्ध्यावरही नव्हत्या, आणि मला रडू येत होतं, आनंदानं. मला पळायला आवडत होतं. इतकी साधी गोष्ट मला तोपर्यंत माहीत नव्हती.

"कुणाची गं तू?" सरांनी विचारलं. मी सांगितलं. "धनगराची व्हय! मग बरोबर हाय," ते म्हणाले, आणि तंबाखू थुंकले. "बाप मेंढरामागं पळाला, तू मेडलमागं पळ. जातीचं हाय ते वाया कशाला घालवायचं?"

भिंतीवरच्या पोरांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून मी धावायला लागले की भिंतीवरून 'बेंऽऽ' सुरू व्हायचं. एकानं सुरुवात करायची आणि सगळ्या भिंतीनं उचलायचं. सर त्यांना गप्प करत नसत, उलट हसत. माझी मैत्रीण शैला, लिंबाखाली माझी वही सांभाळत बसणारी, एकदा म्हणाली, "तू कशी गं सहन करतेस? मी तर मेलेच असते." मी म्हणाले, मेंढरांच्या आवाजाला मी झोपायचे, मला त्याचं काय? हे खोटं होतं. मला प्रत्येक 'बें' लागायचं. पण थांबण्यापेक्षा लागलेलं बरं होतं. घरी जादा तास आहेत असं सांगून मी उशिराच्या गाडीनं यायला लागले. सरांनी कुणाचेतरी जुने कॅनव्हासचे बूट दिले होते, ते पिशवीत पुस्तकांखाली ठेवायचे. शिरूरच्या शर्यतीत पहिल्या सहांत आलीस तर विद्यापीठाच्या संघात जाशील, सर म्हणाले होते, पुण्याला राहायचं, खाणंपिणं त्यांचं, पुढं पोलिसांत नाहीतर रेल्वेत नोकरी. मला नोकरीचं तितकं नव्हतं. पुण्याला असं मैदान असेल जिथं मला कुणी ओळखत नाही, एवढंच मी रोज शटलमध्ये बसून डोळ्यांपुढं आणायचे.

बूट बाळूदादाला सापडले. त्यानं ते आबांच्या खुर्चीपुढं ठेवले आणि दाराला टेकून उभा राहिला, तमाशा बघायला. आबांनी एक बूट उचलला, उलटा केला, झिजलेला तळवा बघितला. किती पळाले असेन ते त्यांना तळव्यावरून कळलं. त्या माणसानं जन्मभर खुरं तपासली होती. "किती दिस चाललंय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "कोण पळवतंय?" तेही सांगितलं. "आन् लोकं काय म्हंत्यात?" दादानं उत्तर दिलं, कारण दौंडात त्याचे मित्र होते आणि त्याला सगळं ठाऊक होतं. "बें करत्यात, आबा. सगळी पोरं. भिवा धनगराचं मेंढरू म्हंत्यात." आबांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला. संतापानं लाल होतील असं वाटलं होतं, पण ते पांढरे पडले. त्यांनी आईला हाक मारली, बूट तिच्या हातात दिले आणि म्हणाले, "पाणी तापव. पोरगी दमून आलीय."

आईनं बूट चुलीत घातले. रबराचा काळा धूर न्हाणीपर्यंत आला. त्याच विस्तवावर तापलेल्या पाण्यानं तिनं मला अंघोळ घातली, इतक्या मोठ्या मुलीला, दार उघडं ठेवून, घासून घासून, जशी काही रस्त्याची सगळी धूळ एकदाच काढायची होती. "कशाला गं मातीत जातीस?" ती पुटपुटत होती. "जलमभर आमी चाललो ते काय कमी व्हतं? आता बस की." तिच्या टाचांना तेव्हाही भेगा होत्या. मला तिची दया आली नाही. त्या क्षणी मला ती दोघंही मेलेली चालली असती.

कॉलेज बंद होणार हे मी धरूनच चालले होते. पण रात्री जेवताना आबा म्हणाले, "शर्यत कुठं हाय?"

"शिरूरला," मी म्हणाले.

"कवा?"

"बाजाराच्या दिवशी."

त्यांनी भात कालवला, घास घेतला. "जा. पळ. मीबी येतो बघायला." दादानं तोंड उघडलं तर आबांनी नुसता हात वर केला. "तिच्या पायात हाय तर पळू दे. आपल्याबी पायात व्हतं." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग आईकडं पाहिलं, ती माझ्याकडं बघत नव्हती. त्या रात्री मी आबांना मनातल्या मनात किती दंडवत घातले असतील! बूट जाळल्याचा राग विरघळून गेला. माणूस इतका भुकेला असतो की कुणी तुकडा टाकला तर हात कुणाचा ते बघत नाही.

शर्यतीच्या सकाळी मला जीपनं संघाबरोबर जायचं होतं. निघताना आबांनी खुर्चीतून उठून, हे ध्यानात घ्या, उठून, माझ्या हातावर गुळाचा खडा आणि शेंगदाणे ठेवले. घाट चढायच्या आधी आम्हा पोरांना ते असंच द्यायचे. "अनवाणीच पळ," म्हणाले. "आपल्याला कुठं बुटाची सवय." मी वाकून त्यांच्या पायांना हात लावला.

शिरूरच्या मैदानावरून सुटायचं, गावाबाहेरच्या रस्त्यानं घोडनदीच्या काठाला जायचं आणि तसंच वळून परत मैदानात यायचं, अशी शर्यत होती. पुण्याच्या मुली चड्ड्यांमध्ये, पायांत तळाला खिळे असलेले बूट, एकमेकींचे पाय चोळून देणाऱ्या. मी सलवार पोटरीपर्यंत दुमडलेली, पाय उघडे. त्यांच्यातल्या एकीनं माझ्या पायांकडं बघून दुसरीला कोपरानं ढोसलं. सर माझ्या कानाशी म्हणाले, "सुरुवातीला मागं राहा. चढाला धर." आणि शिट्टी झाली.

त्या धावेबद्दल मी फार लिहू शकते, पण लिहिणार नाही. ती माझी एकटीची आहे. एवढंच सांगते की नदीच्या काठाला वारा समोरून होता, काठावर धुणं धुणाऱ्या बायका उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांतली एक ओरडली, "पळ गं माझे बाई, कुणाच्या हाताला लागू नगं!" चढाला मी पुण्याच्या पोरींना एकेक करत मागं टाकलं. छाती फुटत होती, आणि मला ती फुटलेली चालणार होती. मैदानाच्या फाटकातून आत शिरले तेव्हा पुढं एकच मुलगी होती, आणि तिची मान डुलायला लागली होती. तिला मी अर्ध्या मैदानात गाठलं. शेवटची दोरी समोर दिसत होती. लोक ओरडत होते, भिंतीवरची आमची पोरंसुद्धा आली होती आणि त्या दिवशी तीही माझ्या नावानं ओरडत होती. दोरीच्या अलीकडं, कडेला, आबांची पांढरी टोपी दिसली. ते हसत होते. मी त्यांच्याकडं बघून हसले.

आणि आबांनी हाक दिली. 'होऽऽ'.

छातीतून काढलेली, लांब, शेवटी दोनदा मोडलेली. एवढ्या गोंगाटात दुसऱ्या कुणाला ती वेगळी ऐकूसुद्धा आली नसेल. माझे पाय थांबले. मंदावले नाहीत, थांबले. मान खाली गेली, हात अंगाला चिकटले. मागून आलेली मुलगी मला घासून पुढं गेली आणि दोरी घेऊन गेली. मग दुसरी, मग तिसरी. सर ओरडत धावत आले, "ए पळ! पळ की भवाने!" लोकांना वाटलं पायात काटा गेला. शहाणी माणसं अजून मला विचारतात, भानावर आल्यावर उरलेली दहा पावलं का टाकली नाहीस? आमच्यात थांबलेलं जनावर दुसरी हाक आल्याशिवाय हलत नाही. मी दुसऱ्या हाकेची वाट बघत उभी होते. आबांकडं बघत होते. त्यांना फक्त जीभ टाळूला लावायची होती. ते हाताची घडी घालून उभे होते, आणि चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं. भिंतीवरच्या पोरांपैकी एकाच्या काय घडलं ते ध्यानात आलं असावं, तो ओरडला, "अरे, मालकानं थांबवलं तिला!" आणि सगळ्या मैदानात हसण्याची लाट उठली, आणि हसण्यावर 'बेंऽऽ'. माझ्या नावानं ओरडणारे तेच गळे. सरांनी माझ्या पाठीत जोरात थाप मारली. "मेंढरू ते मेंढरूच," ते म्हणाले आणि पुण्याच्या सरांना काहीतरी समजावायला निघून गेले.

परतीच्या एसटीत आबांनी मला खिडकीची जागा दिली. बाजारातून घेतलेली जिलेबी मांडीवर ठेवली. न्हावरा मागं पडल्यावर मी विचारलं, "आबा, का?"

"काय का?" ते म्हणाले. "मी काय तुझा हात धरला व्हता का? तूच थांबलीस."

त्यांनी जिलेबीचा तुकडा मोडला. "बांधून घातली असती तर दावं तोडून गेली असतीस. मला ठाव हाय, माझीच हायस. आता कोण म्हणंल तुला पळ? तू स्वतःला म्हणशील का?" मग त्यांनी बोटांचा पाक धोतराला पुसला. "लोकं हसली ते एकदाच हसली. रोज हसायची ते मिटलं," म्हणाले, आणि जिलेबी माझ्यापुढं केली. मी ती खाल्ली. कोकरू खाल्लं होतं तशीच.

पुढं व्हायचं ते झालं. बी.ए. पुरं करून शिरूरलाच दिलं मला, नवरा रांजणगावच्या कंपनीत, माणूस बरा. त्या मैदानावरून मी वर्षानुवर्षं भाजी आणायला गेले. वसतिगृहाचं काम मिळालं तेव्हा पहिली गोष्ट मी केली ती ही की मुलींना पहाटे मागच्या पटांगणात काढायला लागले. कुंपणाला पत्रे मारून घेतले. कपडे बदलायला खोली मिळवली, त्यासाठी प्राचार्यांशी भांडले. व्याख्यानं देत नाही. पोरींना धावायला लावायला फार लागत नाही, बघणारे बाजूला केले की त्या आपोआप धावतात. नियम एकच ठेवलाय. धावत्या मुलीला कुणी हाक मारायची नाही. एकदा एका मुलीचे वडील भेटायला आले आणि फाटकातूनच तिचं नाव घेऊन ओरडले, तर मी त्यांच्या अंगावर अशी गेले की बिचारे पिशवी तिथंच ठेवून पळाले. मुली मला मागून हेडमास्तरीण म्हणतात. म्हणू देत.

आबांना कंपवात झाला. आधी हात हलायला लागले, मग आवाज गेला. त्या छातीतून आता नुसती कुजबूज निघते. मग पायांचं विचित्र झालं. उभं केलं तर पाऊल उचलत नाही, जमिनीला खिळतं, आणि एकदा का चालायला लागले की पावलं बारीक होत जातात, भरभर पडतात, तोल पुढं जातो आणि थांबता येत नाही. दौंडहून त्यांचा व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, रोज चालवा, नाहीतर अंथरूण धरतील. त्यांच्या ओळखीचा ताल द्या, टाळ्या वाजवा, गाणं म्हणा. बाळूदादानं टाळ्या वाजवल्या, मोबाइलवर भजनं लावली. त्याचे स्वतःचे गुडघे गेलेत, शुगर आहे, तो टाळ्या वाजवूनच दमतो. आबा हलेनात. मग आईनं मला फोन केला. "तू ये गं. त्यांची हाक तुझ्याबिगर कुणालाच येत न्हाई."

मी गेले. त्यांच्यामागं उभी राहिले, जीभ टाळूला लावली, 'ह्यर्र' म्हणाले. पाऊल उचललं. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगणाच्या टोकाला गेल्यावर मी त्यांचीच दुसरी हाक दिली, लांब, शेवटी दोनदा मोडलेली, आणि आबा जागच्या जागी उभे राहिले. व्यायामाच्या मुलीनं टाळ्या पिटल्या. तेव्हापासून दर रविवारी मी खुटबावला जाते. सगळे म्हणतात लेक असावी तर अशी.

गेल्या रविवारी सोसायटीतली दोन माणसं आबांना बघायला आली होती. त्यांतला एक मला म्हणाला, "ताई, तुम्ही कॉलेजात पळायच्या ना? लई नाव ऐकलं व्हतं." मी काही बोलायच्या आत आबांचे ओठ हलले. तो माणूस कान जवळ घेऊन वाकला आणि हसत मला म्हणाला, "आबा म्हंत्यात, मधीच थांबली. दम न्हवता."

मी चहाचे कप आत ठेवून आले. आबांना खुर्चीतून उठवलं, अंगणात उभं केलं, फाटकाकडं तोंड करून. फाटक उघडं होतं आणि पलीकडं डांबरी रस्ता, चहाची टपरी, टपरीवर बसलेली माणसं. मी चालायची हाक दिली. ते निघाले. पावलं मोठी होती, मग लहान झाली, मग भरभर पडायला लागली. अंगणाचं टोक आलं. मी थांबायची हाक दिली नाही. फाटक आलं. आबांची मान पुढं गेली, टोपी पडली, ते रस्त्याला लागले आणि धावायला लागले. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. आबांनी जमेल तेवढी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी त्यांच्याबरोबर, हाताच्या अंतरावर, चालत होते. दम लागला नव्हता.

"हिरे, थांबव की गं!" आई ओट्यावरून ओरडली. "पडतील ते!"

"मी काय त्यांचा हात धरलाय का?" मी म्हणाले. "थांबायचं असलं तर थांबतील."

आबांनी ते ऐकलं. त्यांनी ओठांचा चंबू केला, स्वतःलाच थांबायची हाक द्यायला. नुसती हवा आली, आणि पाय पळतच राहिले.